कोळशाच्या तेलाचं विरजण

कानिफनाथचं इंजिन मेलं ते सकाळी साडेनऊला. सगळी वाडी हजर होती, त्यामुळे वेळेबद्दल वाद नाही.

आधी दोन मिनिटं ते नीट चाललं. मग खोकलं. मग नळीतून असा काळाकुट्ट धूर आला की विहिरीवरच्या बाभळीतले कावळे उठून मिरजगावच्या दिशेनं निघून गेले, आणि धुरामागून असा वास आला की आम्हीही त्यांच्यामागे जाणार होतो. शेवटी आत काहीतरी कडकन वाजलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. कानिफनाथनं हँडल घालून जोर लावला. चाक फिरलं नाही, कानिफनाथ फिरला.

पायजम्याची माती झटकत तो माझ्याजवळ आला. "मास्तर, ह्ये तेल हाय का डांबर?"

"कोळशाचं तेल आहे," मी म्हणालो. "त्यात गंधक जरा जास्त आहे. आणि नायट्रोजन."

"आन् आता माझ्या इंजिनात काय हाय?"

"तेच."

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल होता. तिकडे अरबांनी तेलाचा भाव चढवला आणि इकडे मिरजगावच्या पंपावर 'डिझेल नाही' अशी पाटी लागली. पहिल्यांदा ती खडूनं लिहिलेली होती. महिन्यात पंपवाल्यानं ती ऑइलपेंटनं रंगवून घेतली, तेव्हाच आम्ही काय ते समजायला हवं होतं. वाडीत विजेचे खांब तीन वर्षांपूर्वी आले होते. तारा आल्या नव्हत्या. खांबांना शेळ्या बांधत. बहात्तरच्या दुष्काळात पाणी नव्हतं पण डिझेल मिळत होतं. आता विहिरीत पाणी होतं आणि ते वर काढायला काही नव्हतं. मोट हाकावी तर बैल दुष्काळात गेलेले, आणि लोकांनी मोटेच्या चामड्याच्या चपला करून घातलेल्या.

मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नाव आसाराम. पाडव्याला वाडीत आलो होतो, गूळ-लिंब खाऊन झाल्यावर चारचौघांत म्हणालो, "डिझेल नसलं म्हणून काय झालं? कोळशातून तेल निघतं. मी आणतो." असं बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. विदर्भातल्या एका कोळसाभट्टीवरून ओळखीनं सहा पिंपं आणलीही. त्यातलं पहिलं पिंप कानिफनाथनं मोठ्या विश्वासानं आपल्या इंजिनात ओतलं, आणि पुढचं मी सांगितलंच.

कानिफनाथचं इंजिन मेलं त्याचं मला वाईट वाटलं. पण खरी भीती वाटली ती माझ्या बहिणीकडे बघून.

राहीबाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणतो. दाजी गेल्यावर दिरानं तिला दगडाचं अडीच एकर रान दिलं, कारण त्यात काही येत नव्हतं. तिनं त्यात कागदी लिंबाची एकशे चाळीस झाडं लावली. दुष्काळात टँकरचं पाणी घागरीनं डोक्यावरून आणून, आंघोळीचं, भांड्यांचं, हात धुतलेलं पाणी घालून ती जगवली. यंदा पहिला बहर धरला होता. आणि दिरानं निरोप दिला होता: जेठात मी येऊन बघतो, बाग उभी दिसली तर रान तुझं, नाहीतर आम्ही बाजरी पेरतो, तू माहेरी जा. माहेर म्हणजे मी. नगरला एक खोली, त्यात मी, बायको, दोन पोरी आणि घरमालकाच्या तीन सायकली.

अक्का इंजिनाकडे बघत नव्हती. ती बागेकडे बघत होती.

"पानं वळाया लागलीत, आसा," ती म्हणाली. "आठ दिस काढत्याल. म्होरं न्हाई."

"आठ दिवसांत तुझ्या इंजिनात तेल घालतो," मी म्हणालो.

"ह्येच?"

"हेच, पण धुऊन."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या एसटीत होतो. तिथं एका मोठ्या प्रयोगशाळेत नृसिंह सर होते, माझे एमएस्सीचे गुरू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत निळसर रंगाच्या जाड शेवेसारखे तुकडे होते.

"कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम," सर म्हणाले. "वरून गरम तेल सोडायचं, दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. तेलातला गंधक सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस होऊन जातो, नायट्रोजन अमोनिया होऊन जातो. खाली स्वच्छ तेल. वाडीत जमेल तुला?"

"जमवावं लागेल, सर."

"हे परदेशातून आलंय. चार किलो आहे. वजन करून देतोय, वजन करून परत घेणार."

उपकरण माझ्याकडे होतं. भंगारातला बॉयलरचा जाड पाइप कापून, दोन्ही तोंडांना झाकणं बसवून मी ते मागे एका प्रयोगासाठी कॉलेजात केलं होतं. पण त्याच्या पहिल्याच चाचणीनंतर प्राचार्यांनी नोटीस लावली होती: 'रसायनशास्त्र विभागाने आपला वास तात्काळ बंद करावा.' म्हणून ते उपकरण मी ट्रकमध्ये घातलं. हायड्रोजनचा सिलिंडर वनस्पती तुपाच्या कारखान्यातल्या मित्राकडून मिळाला. तेलाचं तूप करायला त्यांना तो लागतो. तिसऱ्या दिवशी हे सगळं वाडीतल्या जुन्या छावणीच्या शेडमध्ये उभं राहिलं, जिथं दुष्काळात जनावरं बांधली होती. पाइपाखाली गोवऱ्यांची भट्टी, शेजारी हायड्रोजन. आगीशेजारी हायड्रोजन ठेवा असं कुठलंच पुस्तक सांगत नाही.

वाडी जमलीच.

"डालड्याच्या कारखान्यातनं गॅस आनला म्हनं," कानिफनाथ म्हणाला. "म्हंजी कोळशाचा डालडा करनार?"

"साधारण तसंच. पण आधी ह्या तुकड्यांना गंधक पाजावा लागतो. निळे आहेत ना, ते काळे होईपर्यंत. मग ते काम करतात."

"थांबा. गंधक काढायचा तर आधी गंधक घालायचा?"

"हो."

"म्हंजी ह्यान्ला गंधकाची चटक लावायची, मंग ह्ये गंधक हुडकीत फिरनार आन् दिसला की खानार."

"अगदी बरोबर."

"आमचा सरपंच आसाच हाय," कानिफनाथ म्हणाला आणि पुढं येऊन बसला. त्याला विषय समजला होता.

झुंबरबाई अक्काची शेजारीण. साठीची, वाडीतल्या निम्म्या पोरांची सुईण, आणि सगळ्यांच्या घरात हक्कानं शिरणारी. तिनं डब्यात वाकून बघितलं. "आन् ह्या शेवा जळून जात्यात व्हय?"

"नाही मावशी. ह्या खर्चच होत नाहीत. ह्यांना उत्प्रेरक म्हणतात. काम करतात आणि जशाच्या तशा राहतात."

"आसं कसं?"

मी जरा विचार केला. "विरजण असतं ना? चमचाभर विरजणानं भांडंभर दूध लागतं. तसं."

"आसं व्हय!" झुंबरबाईचा चेहरा उजळला. ती वळून बायकांना म्हणाली, "विरजन हाय गं त्ये. कोळशाच्या तेलाचं."

बायकांच्या घोळक्यातून एकदम "हां हां" असा आवाज आला. नऊ वर्षं मी पोरांना उत्प्रेरक शिकवत होतो. इतक्या झटकन कोणाला कळल्याचं आठवत नाही. मला फार बरं वाटलं. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी भट्टी तापली. गंधक पाजून तुकडे काळेभोर झाले आणि वाडीत सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की शेडशेजारच्या बन्सीच्या कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. त्यांना वाटलं असणार, आधीच कोणीतरी खूप घालून ठेवलीत. मग मी कोळशाचं तेल सोडलं, हायड्रोजन सोडला, आणि खालच्या नळीला बाटली लावून बसलो. तासाभरानं थेंब पडायला लागले. वरून डांबरासारखं गेलेलं तेल खाली कोऱ्या चहाच्या रंगाचं येत होतं.

अक्कानं बाटली उन्हात धरली. हुंगली. चिमणीत थोडं घालून वात लावली. ज्योत पिवळी, सरळ.

"वास न्हाई," ती म्हणाली. नवरा गेल्यानंतर मी तिला इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "आसा, वासच न्हाई रं."

तेवढ्यात झाकणाच्या फटीतून फुस्स झालं. सगळी वाडी पळाली. मीही पळणार होतो, पण सिलिंडर बंद करायचा होता. झाकणाखालची तांब्याची कडी फाटली होती. तशी कडी नगरलाच कातून मिळणार. म्हणजे एक दिवस गेला. मी पाइप थंड करून सगळे काळे तुकडे डालड्याच्या डब्यात काढले आणि वर तेल ओतलं, कारण उघड्या हवेत ते आपोआप तापतात. डबा अक्काच्या हातात दिला.

"जिवापाड जप. कोणाला हात लावू देऊ नको."

"न्हाई लावू देनार," अक्का म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. सहाव्या दिवशी दुपारी मी कडी घेऊन परत आलो, तेव्हा हात कोणीच लावलेला नव्हता. सगळ्यांनी पळ्या आणल्या होत्या.

डब्यात तळाला मूठभर तुकडे होते. मी डबा उजेडात नेला. तरी मूठभरच होते.

"अक्का, बाकीचं कुठाय?"

"दिलं की."

"कोणाला?"

"ज्या मागाया आल्या त्यांला." ती चुलीपुढून उठली. "सगळ्या कालच दुपारी येऊन गेल्या. दिवं लागल्यावर विरजन देत न्हाईत, म्हाईत हाय ना तुला?"

मी खाली बसलो.

"आरं, तोंड कशापायी पाडतूस? आपल्यापुरतं ठिवलंय. येवढ्यात लागंल की."

"अक्का, हे वाढत नाही गं!"

"तूच म्हनलास विरजनासारखं हाय."

"त्या बाबतीत नाही!"

"मंग कुटल्या बाबतीत त्ये तवाच सांगायचं," अक्का म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आन् न्हाई कशी म्हनू? दुस्काळात माझ्या घरात ताकाचा थेंब न्हवता, तवा झुंबरबाईनं आर्धी वाटी विरजन आनून दिलं. ती दारात उभी ऱ्हायली पळी घिऊन. तिला माघारी लावू?"

मी पिठाची चाळण घेतली, डबा घेतला आणि निघालो. अक्का पदर खोचून मागं आली. बत्तीस घरं होती.

झुंबरबाईच्या चुलीजवळ एक मडकं होतं. मडक्याला गोधडी गुंडाळलेली. माझ्या सहा पिंपांतलं तेल लोकांनी वाळवीला लावायला म्हणून घरोघरी नेलं होतं, हे मला माहीत होतं. त्याला कोणी गोधडी गुंडाळली असेल असं वाटलं नव्हतं.

"उघडू नगंस, हवा लागली की मोडंल!"

"मावशी, मला ते परत पाहिजे."

"लागलंय आता. बघ की!" तिनं वरचं फडकं बाजूला केलं. कोळशाचं तेल उघडं ठेवलं की त्यावर चिकट थर धरतो. तसा धरला होता. "साय बघ कशी आलीया."

मी चाळण धरून सगळं मडकं त्यात ओतलं. झुंबरबाई तोंडाला पदर लावून बघत होती, जसं काही मी तिच्या दुभत्या म्हशीला लाथ मारली होती. चाळणीत एकशे अकरा तुकडे राहिले.

पाचवं घर बन्सीचं. तिथं तेल पांढरट झालं होतं.

"नुसत्या तुमच्या विरजनाचा भरवसा न्हवता, मास्तर," बन्सी म्हणाला. "म्हनून घरचंबी घातलं. आन् चिमूटभर मीठ. ताकाला घालतोच की आमी."

"मीठ?"

"चवीला न्हाई वो. टिकाया."

शिवाय त्याच्या उंबऱ्यावर काही तुकडे सांडले होते, ते कोंबडीनं टिपले होते. "कापू का?" बन्सीनं विचारलं. मी कोंबडी उचलून कानाशी धरली. हलवली. आत काही वाजत नव्हतं. निदान कोबाल्टसारखं वाजत नव्हतं. मी तिला सोडून दिलं. माझ्या शिक्षणाचा हा सर्वात खालचा क्षण असेल असं मला तेव्हा वाटलं, कारण अजून सत्तावीस घरं बाकी होती.

एका घरातला वाटा सकाळच्या एसटीनं लेकीबरोबर तिसगावला गेला होता. तिच्या सासरीही इंजिन बंद होतं आणि लेक रिकाम्या हातानं कशी पाठवायची? एकीनं आपलं देव्हाऱ्यात ठेवलं होतं आणि रोज थोडं काढणार होती. एकीनं दोघी जावांत वाटून घेतलं होतं, आणि आता थोरली म्हणत होती की धाकटीचं आधी घ्या, तिच्यात जास्त आहे.

सगळ्यात शेवटी कानिफनाथ. तो आपल्या मेलेल्या इंजिनापाशी बसला होता.

"तुझा वाटा?"

त्यानं इंजिनाकडे बोट दाखवलं.

"आत?"

"औशीद म्हनून टाकलं. म्हनलं ह्ये गंधक खातंय, तर आतला खाऊ दे की."

मी पाना घेतला. दोघं मिळून दोन तास इंजिन खोलत होतो. कानिफनाथ मधेच म्हणाला, "मास्तर, खोललंच हाय तर निदान सरळ तरी करून द्या." पिस्टनच्या वर डांबराच्या थरात एकशे पस्तीस तुकडे रुतले होते. एकेक खिळ्यानं काढला.

सगळं वाण्याच्या तराजूत टाकलं. दोन किलो सहाशे ग्रॅम, दह्यासकट. दह्याचा कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर काय परिणाम होतो हे आजवर कोणी तपासलेलं नाही. मी तपासलं असतं, पण बागेत जाऊन आलो आणि ते मनातून गेलं. पानं दोन्ही कडांनी वळून द्रोणासारखी झाली होती. सुपारीएवढी हिरवी लिंबं देठाशी मऊ पडली होती. अक्का एका झाडाच्या आळ्यात वाकून मातीत बोट घालत होती. बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं, पुढं जाईना.

सातव्या दिवशी सकाळी मी तुकडे तेलानं धुतले, परत गंधक पाजला आणि भट्टी पेटवली. माल अर्धाच होता, म्हणून तेल अगदी हळू सोडायचं होतं. थेंब पडायला लागले. मग थांबले. दाब वाढत होता आणि खालून काही येत नव्हतं. नळी तुंबली होती.

भट्टीतली आग ओढून मी नळीचं टोक सोडवलं. आत पांढरी, मिठासारखी दाणेदार भर बसली होती. मी ती बोटावर घेऊन बघतच होतो, तेवढ्यात कानिफनाथनं चिमूट उचलून जिभेला लावली.

"आरं! ह्यो तर नवसागर!"

मग मागं बसलेले सगळे पुरुष उठून पुढं आले. ज्यांनी आठवडाभरात एक गोवरी उचलून दिली नव्हती, तेही आले. वाडीत नवसागर न ओळखणारा पुरुष मी एकटाच. मला त्याचं सूत्र पाठ होतं, दारूच्या भट्टीतला उपयोग माहीत नव्हता.

"मास्तर," बन्सीनं फार आदरानं विचारलं, "ह्यो रोज निघंल का?"

खरं तर मी नाचायला पाहिजे होतं. तेलातला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडला होता, आणि बन्सीच्या ताकातल्या मिठाला भेटून नवसागर झाला होता. म्हणजे ते दह्यातले, इंजिनातले, देव्हाऱ्यातले तुकडे अजून काम करत होते. पण नळी बंद, सिलिंडरचा काटा निम्म्याखाली, आणि बाहेर ऊन असं की पत्रा वाजत होता.

"पान्यात इरघळतोय का त्यो?" अक्कानं विचारलं.

"गरम पाण्यात."

ती चुलीवरून आधणाचं पातेलं फडक्यात धरून घेऊन आली आणि नळीत धार धरली. तिच्या मनगटावर शिंतोडे उडत होते. तिनं धार हलू दिली नाही. नळी मोकळी झाली. त्यानंतर दर तासाला नळी तुंबायची आणि दर तासाला अक्का आधण घेऊन यायची. खाली ताट लावून बन्सी ते पाणी जमवत होता. का ते मी विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी बारा वाजता सिलिंडरचा काटा शून्यावर आला. शेवटचा थेंब पडला. मी मापानं मोजलं. अडीच लिटर.

एकशे चाळीस झाडांना पाणी द्यायला आठ तास इंजिन चालावं लागतं. अडीच लिटरमध्ये दोन तास, फार तर सव्वादोन. अक्काला हे हिशोब माझ्याआधी कळतात. ती फावडं घेऊन पाटावर जाऊन उभी राहिली होती.

वाटीभर रॉकेलवर अक्काचं इंजिन सुरू केलं, मग आमचं तेल सोडलं. ते ठोकायला लागलं. लोखंडावर घण पडावा तसं ठोकत होतं. कानिफनाथ दोन पावलं मागं सरला. धूर आला, पण निळा, पातळ. अर्ध्या मिनिटानं ठोका बसला आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं. मी धुराला नाक लावलं. वास नव्हता. पाइपातून गुळगुळ असा आवाज वर आला आणि मग पाणी आलं, आधी गढूळ, मग मनगटाएवढं जाड, स्वच्छ.

तेव्हाच झुंबरबाई आणि चार-पाच बायका बाटल्या घेऊन आल्या. विरजण सगळ्यांनी परत दिलं होतं, तेव्हा तेलात सगळ्यांचा वाटा होता, आणि तो मागण्यात काही गैरही नव्हतं. पाणी पाटातून पळताना बघून झुंबरबाई थांबली. तिनं बाटली पदराखाली घेतली. बाकीच्यांनीही घेतल्या.

अक्का दारं धरत होती. एक आळं भरायचं, तोंड मातीनं बुजवायचं, पुढचं फोडायचं. मी दुसऱ्या बाजूनं पळत होतो.

"भरून नगं देऊस!" ती ओरडली. "आर्धंच. आर्ध्यातच तोड!"

"अर्ध्यानं काय होईल?"

"दोगं जगत्याल!"

अर्ध्या-अर्ध्यानं आम्ही पुढं जात होतो. माती इतकी तापली होती की पाणी पडलं की चर्र वाजायचं आणि वाफ यायची. एक आळं भरायला लागणारं पाणी नुसता पाटच पिऊन टाकत होता. पाचवी ओळ संपली. सहावीतलं दुसरं झाड भरताना इंजिन थांबलं. ह्या वेळी कडकन नाही, खोकून नाही. टाकी रिकामी झाली आणि ते गप्प झालं. पाटातलं पाणी थोडं पुढं गेलं, मातीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"आजून?" अक्का म्हणाली.

"नाही."

"उद्या?"

"सिलिंडर चार दिवसांनी मिळेल. मिळाला तर."

बावन्न झाडांना पाणी मिळालं होतं, तेही अर्धं. अठ्ठ्याऐंशी तशीच होती. वाऱ्याची झुळूक आली की त्यांची पानं वाजत होती, कागदासारखी.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पायांकडे. कोणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. कानिफनाथ नुसता म्हणाला, "तेल चांगलं हुतं, मास्तर. खोटं कशाला बोलू," आणि त्यानं मला आणखीनच मेल्यासारखं झालं.

अक्का घराकडे गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती कोयता घेऊन आली. उसाचा, लांब पात्याचा.

"अक्का, काय करतेस?"

"पानं हायती तवर झाड पानी मागनार." तिनं सहाव्या ओळीतल्या तिसऱ्या झाडाची फांदी डाव्या हातानं वाकवली. "पानंच नसली तर बुंध्यातल्यावर ऱ्हाईल. पाऊस पडंस्तवर."

"आणि बहर?"

तिनं कोयता मारला. फांदी तुटली आणि हिरवी लिंबं टपटप खाली पडली. दुसरी फांदी. तिसरी. तीन वर्षांची वाढ पायाशी आली आणि मांडीएवढं उंच, चार बोटं जाड खोड तेवढं उभं राहिलं. पांढऱ्या कापातून ओल आली. अक्कानं त्यावर शेण थापलं.

"दाजींचे भाऊ येतील तेव्हा?" मी म्हणालो. "त्यांना बाग दिसली पाहिजे."

"खोडाला नख मारून बघाया सांगीन. आतून हिरवं आसलं तर बाग. न्हाईतर बाजरी." तिनं घाम पुसला. हातावर काट्यांचे ओरखडे उठले होते, मनगटावर कालच्या आधणाचे फोड. "उभा काय ऱ्हायलास? अठ्ठ्याऐंशी हायती. फांद्या धर वाकवून, मला एका हातानं जमंना."

झुंबरबाईनं बाटली बांधावर ठेवली आणि खाली बसून पडलेली लिंबं पदरात गोळा करायला लागली. बाकीच्या बायका पुढच्या ओळीत गेल्या. मी दुसऱ्या झाडाची फांदी धरली. काटा तळव्यात शिरला.

"खाली घे," अक्का म्हणाली. "आजून खाली."

मी अजून खाली घेतली.